भिंगावरचे नाव

गेल्या जानेवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन छायाचित्र प्रदर्शन भरले होते. त्यात माझाही एक फोटो लागला होता. आठवडी बाजारात सकाळच्या कोवळ्या उन्हात टेम्पोतून मेथीच्या जुड्या उतरवून घेणारी एक बाई. वरून टाकलेली जुडी अजून हवेत आहे आणि बाईचे दोन्ही हात ती झेलायला पुढे आले आहेत. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ त्या फोटोपुढे थांबले. चांगले मिनिटभर थांबले. माझ्या छातीत धडधडू लागले. मग त्यांचे लक्ष खालच्या चिठ्ठीकडे गेले. प्रवेशअर्जात 'कॅमेरा व लेन्स' असा एक रकाना होता आणि त्यात आम्ही जे लिहिले तेच चिठ्ठीवर छापले होते : झोर्की ४, ज्युपिटर ८. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा एकवार फोटो पाहिला आणि शेजारच्या प्राध्यापकांना म्हणाले, "त्या मानाने बराच चांगला आलाय की!" आणि पुढे गेले.

बक्षीस मिळाले नाही याचे दुःख नाही. ज्या फोटोंना मिळाले ते माझ्या फोटोपेक्षा सरस होते, हे मी स्वतः कबूल करतो. पण 'त्या मानाने' हे दोन शब्द पायात काटा मोडावा तसे रुतून बसले आहेत. चिठ्ठी वाचण्यापूर्वी तो फोटो नुसताच चांगला होता; चिठ्ठी वाचल्यावर तो 'त्या मानाने' चांगला झाला. मधल्या चार क्षणांत फोटोत काय बदलले? बाई तीच, मेथी तीच, ऊनही तेच. बदलले ते फक्त पाहणाऱ्याचे मन. आणि ते बदलले एका नावामुळे.

म्हणून आज मला या नावाविषयीच लिहायचे आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला लावायची लेन्स नामांकित कंपनीचीच हवी, की दुसऱ्या एखाद्या कंपनीची स्वस्त लेन्स चालेल, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे : आपण वस्तू पाहतो की वस्तूवरचे नाव?

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. लायकाची लेन्स मी कधी वापरलेली नाही आणि नजीकच्या काळात वापरीन असा संभवही नाही. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असा आरोप माझ्यावर होऊ शकेल. तो टाळण्यासाठी मी द्राक्षे गोड आहेत असे आधीच मान्य करतो. वाद आहे तो ती किती गोड आहेत आणि इतर मळ्यांतही द्राक्षे पिकतात की नाहीत, याविषयी.

मोबाइलच्या या काळात ज्यांनी रेंजफाइंडर कॅमेरा पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. पाहायला बाजूला स्वतंत्र खिडकी असते. तिच्या शेजारी थोड्या अंतरावर दुसरी लहान खिडकी. या दोन खिडक्यांतून येणारी चित्रे एकमेकांवर पडतात आणि मध्यभागी एकाचे दोन दिसते. डोळे अधू झालेल्या माणसाला दिवा दोन दिसावा तसे. लेन्सचे कडे फिरवत गेले की ती दोन चित्रे सरकत सरकत एक होतात. एक झाली की फोकस झाला. हे कसे घडते? लेन्सच्या मागच्या टोकाला धातूचे एक कडे असते. लेन्स फिरली की ते पुढे-मागे होते आणि कॅमेऱ्याच्या आतला एक लहानसा दांडा दाबते किंवा सोडते. दांडा हलला की दुसऱ्या खिडकीतले चित्र हलते.

वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. डोळ्याला दिसते ते लेन्सने पाहिलेले नसते. लेन्सने त्या दांड्याला जे सांगितले, ते डोळ्याला दिसते. लेन्सचे कडे मापात केसभर चुकले, तर डोळा म्हणतो, 'झाला फोकस', आणि फिल्मवर मात्र धूसर चित्र उमटते. रोल धुऊन बाहेर येईपर्यंत ही फसवणूक कळत नाही.

आता नामांकितांची बाजू घेऊ. जर्मनीतील वेट्झलार या गावच्या लाइट्झ कंपनीने ऑस्कर बारनॅक याने रचलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडला. १९३२ मध्ये लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर त्यात आला. १९५४ मध्ये एम ३ हा कॅमेरा आला आणि लेन्स आट्यांनी फिरवून बसवण्याऐवजी एका झटक्यात अडकवण्याची सोय झाली. ती बैठक आजच्या लायकालाही तशीच आहे. सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते आणि काम करते, ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे पूर्वी जुन्या मोबाइलचा चार्जर अनेकदा नव्याला लागत नसे!

या लेन्सांत आणखी काय असते? अॅपर्चर पूर्ण उघडे असतानाही चित्र कोपऱ्यापर्यंत नीट येते. दिवा समोर असला तरी चित्र धुरकटत नाही. पितळेचे आणि अॅल्युमिनियमचे भाग इतके जुळवून बसवलेले असतात की वर्षानुवर्षे वापरूनही त्यांत खुळखुळ येत नाही. या लेन्स थोड्या संख्येने तयार होतात आणि त्यांच्या जुळणीत माणसाच्या हाताचे काम मोठे असते. मुख्य म्हणजे त्या कड्याचे आणि दांड्याचे माप तपासूनच लेन्स कारखान्याबाहेर पडते. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतो ते केवळ काचेचे नव्हेत, तपासणीचे, हमीचे. तिची किंमत आपल्याकडे काही लाखांत जाते. त्यातला किती वाटा काचेचा, किती हमीचा आणि किती नावाचा, हे मात्र पावतीवर वेगवेगळे लिहिलेले नसते. खरी मेख येथेच आहे.

नावाचा वाटा किती असतो हे समजण्यासाठी इतिहासातली एक हकीकत पाहण्याजोगी आहे. १९५० साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. तेथे जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने त्याचा एक फोटो काढला. तो पाहून डंकन चकित झाला. लेन्स होती ८५ मिलिमीटरची निक्कोर, निप्पॉन कोगाकु या जपानी कंपनीची. त्या काळी जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी जगभर समजूत होती. डंकनने त्या समजुतीवर विसंबून न राहता थेट कारखाना गाठला आणि जपानी लेन्स आपल्या जर्मन लेन्सांच्या शेजारी ठेवून पाहिल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले, तेव्हा त्याने लायका कॅमेऱ्यावर निक्कोर लेन्स लावून ते टिपले. कॅमेरा एकाचा, लेन्स दुसऱ्याची! डिसेंबर १९५० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जपानी लेन्सांविषयी लिहिले आणि नावडतीचे मीठ अळणी म्हणणाऱ्यांना ते मीठ चाखून पाहावे लागले. तीच निप्पॉन कोगाकु म्हणजे आजची निकॉन. आज तिचे नाव घेताना कोणी 'त्या मानाने' म्हणत नाही.

आणखी मागे गेले तर गंमत वाढते. कॅननचा १९३६ चा पहिला विकाऊ कॅमेरा, हंसा कॅनन. त्यावरची लेन्स कॅननची नव्हतीच. ती याच निप्पॉन कोगाकुची होती. पुढे १९७३ मध्ये लायका सीएल हा कॅमेरा आला, तो तयार झाला जपानमध्ये मिनोल्टाच्या कारखान्यात. व्हॉइग्टलेंडर ही १७५६ साली व्हिएन्नात स्थापन झालेली जुनी पेढी. परंतु १९९९ पासून त्या नावाने येणाऱ्या रेंजफाइंडरच्या लेन्स जपानच्या नागानो प्रांतातली कोसिना ही कंपनी तयार करते. कोसिना हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल? आणि झाइस या थोर जर्मन नावाच्या ज्या लेन्स २००४ पासून लायकाच्या बैठकीसाठी निघाल्या, त्यांपैकी बहुतेक याच कोसिनाच्या कारखान्यात तयार झाल्या. एकाच छपराखाली बनलेल्या दोन लेन्स. एकीवर एक नाव, दुसरीवर दुसरे. आराखडे वेगळे असतील, तपासणीचे नियमही वेगळे असतील; पण हात आणि यंत्रे एकाच गावची. नाव वाचून देश, देश वाचून दर्जा आणि दर्जा गृहीत धरून फोटो जोखणाऱ्यांनी येथे काय करावे?

अलीकडे चिनी कंपन्याही या मैदानात उतरल्या आहेत. २०१७ मध्ये शेन्झेनच्या सेव्हन आर्टिसन्स या कंपनीने लायकाच्या बैठकीची ५० मिलिमीटर एफ/१.१ ची लेन्स आणली. टीटी आर्टिसनची ३५ मिलिमीटर एफ/१.४ ची लेन्स तेवढ्याच मापाच्या लायका लेन्सच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळते. यात सेव्हन आर्टिसन्सची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या एफ/१.१ च्या लेन्सबरोबर फोकस तपासण्याचा तक्ता दिलेला असे, आणि मागचे कडे कॅमेऱ्याशी जुळवून घेण्याची सोय गिऱ्हाइकाच्याच हाती ठेवलेली होती. म्हणजे कंपनीने जणू सांगून टाकले : 'आम्ही काच दिली, धातू दिला, शेवटची तपासणी तेवढी तुमची तुम्ही करून घ्या.' स्वस्ताईचे मर्म या एका गोष्टीत आहे. जे श्रम कारखान्याने वाचवले, ते आपल्या वाट्याला येतात.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे कंपनीचे नाही ते सगळे 'डुप्लिकेट' म्हणून एकाच पोत्यात कोंबण्याची सवय आहे. वस्तुतः ते तीन निरनिराळे प्रकार आहेत. एक नकली, म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरणारी. दुसरी नक्कल, म्हणजे दुसऱ्याचा आराखडा घेऊन आपल्या नावाने तयार केलेली. तिसरी परकी, म्हणजे स्वतःच्या आराखड्याची, पण दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसणारी. कोसिना आणि निक्कोर या परक्या. माझी ज्युपिटर ही नक्कल.

तिचे कूळ सांगण्यासारखे आहे. झाइस कंपनीच्या लुडविग बेर्टेले याने १९३० च्या दशकाच्या आरंभी सॉनर नावाची लेन्स रचली. काचेच्या सहा तुकड्यांचे तीन गट. त्या काळच्या मानाने भरपूर उजेड आत घेणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने झाइसची यंत्रसामग्री आणि आराखडे आपल्याकडे नेले, आणि सॉनरची ज्युपिटर झाली. झोर्की कॅमेऱ्याचेही तसेच. त्याचा पूर्वज फेड. खारकोव्ह येथे अनाथ, बेघर मुलांसाठी एक वसाहत होती. तेथील मुलांनी १९३४ पासून लायकाच्या नमुन्याबरहुकूम कॅमेरे तयार केले. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या नावाची रशियन आद्याक्षरे म्हणजे फेड. रस्त्यावर वाढलेल्या मुलांच्या हातांनी जगातल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक तयार होऊ शकले, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तो कॅमेरा नुसता हातात धरून बसलो होतो.

पुढची गोष्ट ऐकून मात्र हसावे की रडावे कळत नाही. याच फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवरची रशियन अक्षरे घासून तेथे 'लायका' असे कोरून ते हौशी खरेदीदारांना विकणारे महाभाग निघाले. आतले यंत्र तेच, काच तीच. नाव बदलले आणि किंमत चढली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अशा कॅमेऱ्याने काढलेला माझा मेथीचा फोटो त्या भिंतीवर 'लायका' अशा चिठ्ठीनिशी लागला असता, तर परीक्षकमहाशय काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात अजूनही येतो.

इतके वाचून कोणास वाटेल की हा लेख म्हणजे स्वस्त लेन्सची भलामण आहे. तसे असते तर किती सोपे झाले असते! पण आमच्या घरातल्या भिंतीवर एक फोटो आहे आणि तो मला तसे लिहू देत नाही.

मी सुट्टीच्या दिवशी आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला जातो. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स अशी कामे असतात. स्टुडिओवाल्या काकांच्या कपाटात हा झोर्की कैक वर्षे पडून होता. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तो मला वापरायला दिला; कृष्णधवल रोल कसा धुवायचा तेही शिकवले. पहिल्याच रोलवर मी आजीचा फोटो काढला. आजीचा तोवर धड असा एकही फोटो नव्हता. रेशनकार्डावरचा आणि आधारकार्डावरचा, एवढेच. तिला ओसरीवर बसवले, मीटरभर अंतरावरून तिच्या डोळ्यांवर दोन चित्रे एक केली, उजेड कमी म्हणून अॅपर्चर एफ/२ ला पूर्ण उघडले आणि बटण दाबले. रोल धुतला तेव्हा आजीच्या कानातल्या बुगडीचा मोती न् मोती स्पष्ट होता. डोळे मात्र धुकट होते.

काकांनी लेन्स उघडून पाहिली. या लेन्सच्या आत अंतर जुळवण्यासाठी वॉशरसारख्या पातळ चकत्या असतात. पूर्वी कधीतरी तेल घालायला लेन्स शहरात दिली होती. तेथे कोणीतरी ती परत जुळवताना चकत्या चुकीच्या बसवल्या होत्या. काका म्हणाले, "लेन्सचा दोष नाही रे, हाताचा दोष आहे." आम्ही झोर्कीचे मागचे झाकण काढले, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून बसवला, शटर 'बी'वर उघडे धरले आणि भिंगाने त्या कागदावरचे चित्र पाहत पाहत चकत्या बदलल्या. खिडकीत दोन चित्रे एक होतात तेव्हा कागदावरही चित्र स्पष्ट दिसते ना, एवढेच पाहायचे होते. दोन संध्याकाळी गेल्या. खर्च झाला तो ट्रेसिंग पेपरचा. त्यानंतर ती लेन्स एकदाही चुकलेली नाही.

आजी श्रावणात गेली. तिचा दुसरा फोटो काढायचा राहून गेला. भिंतीवर आहे तो तोच, बुगडी स्पष्ट असलेला.

त्या दोन संध्याकाळी मी आधी घालवल्या असत्या तर? हा प्रश्न मला छळतो. म्हणूनच 'स्वस्त आणि महाग यांत काहीच फरक नाही, सगळा नावाचा खेळ आहे', असे कोणी छातीठोकपणे म्हणाले की मला ते पटत नाही. फरक आहे. नामांकित लेन्स घेणाऱ्याला या दोन संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी आधीच दिलेल्या असतात. आपण स्वस्त लेन्स घेतो तेव्हा त्या आपल्याला द्याव्या लागतात. आणि दिल्या नाहीत, तर केव्हातरी त्याची किंमत वसूल होते. तीही अशा वेळी की पुन्हा भरता येत नाही.

मग निवड करावी तरी कशी? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही; ते एका गॅरेजमध्ये सापडले. माझे वडील टेम्पो चालवतात. गाडीचे काम निघाले की मिस्त्री दर वेळी विचारतो, "अण्णा, कंपनीचा टाकू का लोकल?" अण्णांचे उत्तर दर वेळी एकच नसते. आरसा फुटला, मडगार्ड गेले, तर म्हणतात, "लोकल टाक." ब्रेकचे काम असले की म्हणतात, "कंपनीचाच टाक. आणि टाकल्यावर मी स्वतः चालवून बघणार." मी एकदा विचारले, तर म्हणाले, "जिथं चुकलं तर परत येता येत नाही, तिथं काटकसर करायची नाही." चौथी शिकलेल्या माणसाने सांगितलेला हा नियम मला लेन्सलाही तंतोतंत लागू पडतो असे वाटते.

लेन्सच्या भाषेत तो असा मांडता येईल. ५० मिलिमीटरच्या लेन्सने मीटरभर अंतरावरचा माणूस एफ/२ ला टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेचार सेंटिमीटरचा असतो. तोच एफ/८ ला अठरा सेंटिमीटरांच्या आसपास जातो. आणि माणूस तीन-चार मीटर दूर असला की हा पट्टा कितीतरी रुंद होतो. म्हणजे भर उन्हात, बाजारात, जत्रेत, शेतात, जेथे आपण एफ/८ ला फोटो काढतो, तेथे लेन्सची थोडीशी चूक त्या पट्ट्यात सामावून जाते. कोपऱ्यातला धूसरपणाही अॅपर्चर लहान केल्यावर बराचसा निघून जातो. अशा वेळी लाखाची लेन्स आणि काही हजारांची लेन्स यांचे फोटो शेजारी ठेवले, तर ओळखणारा विरळा. माझा मेथीचा फोटो असाच काढलेला होता. तेथे 'त्या मानाने' हे शब्द गैरलागू होते, हे मी आज शांतपणे आणि हिशेबानिशी म्हणू शकतो.

उलट रात्रीच्या नाटकाचा फोटो आहे, रंगमंचावर उजेड थोडा आहे, अॅपर्चर एफ/१.४ ला उघडावे लागते आहे; किंवा ज्याचे पोट लग्नाच्या फोटोंवर चालते असा माणूस आहे. मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत. तेथे हमीला मोल आहे. ते ज्याला परवडते त्याने खुशाल द्यावे; त्याला कोणी दिखाऊ म्हणू नये. आणि ज्याला परवडत नाही त्याने परकी लेन्स घ्यावी, पण अण्णांप्रमाणे 'स्वतः चालवून' पाहावी. वर्तमानपत्राचे पान तिरपे ठेवून ठरवलेल्या ओळीवर फोकस करावा, अॅपर्चर पूर्ण उघडून फोटो घ्यावा आणि कोणती ओळ स्पष्ट आली ते पाहावे. मीटरभरावर एकदा, तीन मीटरवर एकदा. लेन्स एका कॅमेऱ्यावर बरोबर आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असेही समजू नये. ज्युपिटर लेन्स जुन्या, आट्यांच्या लायकावरही फिरवून बसवता येते. पण रशियन आणि जर्मन मापांत किंचित फरक असल्यामुळे जवळच्या अंतरावर तिचा फोकस चुकतो. बैठक जुळली म्हणजे मन जुळले असे नव्हे. हे लेन्सचेही खरे आहे.

आता ज्यासाठी एवढा प्रपंच केला त्याकडे वळतो. आपण तालुक्याच्या कॉलेजात शिकतो. 'त्या मानाने' हे शब्द आपल्यापैकी अनेकांना परिचयाचे असतील. 'खेड्यातला मुलगा, पण त्या मानाने बरा बोलतो.' 'त्या कॉलेजची मुलगी, पण त्या मानाने हुशार आहे.' बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते; त्याला कौतुकच करायचे असते. पण आधी चिठ्ठी वाचायची आणि मग माणूस पाहायचा, ही त्याची रीत असते. मोठ्या कॉलेजच्या नावात काहीच नसते असे मी म्हणत नाही. मोठ्या लेन्सच्या नावात जशी हमी असते, तशी तेथेही असते. मात्र ज्याच्या पाठीशी ते नाव नाही त्याला दोन वाटा मोकळ्या असतात. एक, नावाला शिव्या देत बसणे. दुसरी, ती तपासणी आपली आपण करून घेणे. कोणती ओळ धूसर येते ते पाहणे आणि चकती बदलणे. पहिली वाट सोपी आहे. मी तिच्यावरून बरेच दिवस चाललो आहे, म्हणून सांगतो की ती कोठेही जात नाही.

आणि परीक्षकांकडे, मग ते फोटोंचे असोत की आणखी कशाचे, माझी एक साधी मागणी आहे. आपल्या महाविद्यालयात पुढील वर्षी छायाचित्र स्पर्धा भरवण्याचे घाटत आहे असे कळते. त्या स्पर्धेच्या अर्जात 'कॅमेरा व लेन्स' हा रकाना अवश्य असावा. कोणी कोणत्या साधनाने काय साधले हे कळले तर आम्हा नवशिक्यांना त्यातून पुष्कळ शिकता येईल. परंतु निकाल लागेपर्यंत ती चिठ्ठी फोटोखाली लावू नये. फोटोच्या पाठीमागे चिकटवावी. आधी फोटो पाहावा, मनाशी काय ते ठरवावे आणि मग हवे तर फोटो उलटा करावा.

मी त्या रकान्यात पुन्हा झोर्की आणि ज्युपिटर असेच लिहिणार आहे. फोटो वाईट असेल तर 'वाईट आहे' असे म्हणावे. मी तो पुन्हा काढीन. चांगला असेल तर 'चांगला आहे' असे म्हणावे. मध्ये आणखी दोन शब्द घालू नयेत, एवढीच विनंती.